प्रतीक्षेचा हिशेब कोणी ठेवायचा?

तारापूर हे नाव देशाला ठाऊक झाले ते १९६९ मध्ये तेथे सुरू झालेल्या अणुवीज केंद्रामुळे. पुढे बोईसरच्या परिसरात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत वाढत गेली. रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांचे कारखाने उभे राहिले आणि त्यांच्या पाठोपाठ दूरदूरच्या प्रांतांतून कामगार आले. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु या जिल्ह्यात माणूस आजारी पडला म्हणजे त्याच्या औषधपाण्याचा खर्च कोण सोसणार, या प्रश्नाचे उत्तर घरागणिक बदलते. प्रकल्पाच्या कायम कर्मचाऱ्याला त्याच्या संस्थेची वैद्यकीय व्यवस्था आहे. मर्यादित वेतनाच्या कारखाना-कामगाराला कर्मचारी राज्य विमा योजना आहे. काही कंत्राटी कामगारांना कंत्राटदाराने काढलेला सामूहिक विमा असतो. शिधापत्रिकाधारकाला शासनाची योजना आहे. आणि या सर्वांच्या मधल्या फटीत सापडलेल्या कुटुंबाला बाजारात जाऊन विमापत्र विकत घ्यावे लागते.

या शेवटच्या कुटुंबाची ‘प्रतीक्षा कालावधी’ या शब्दांशी पहिली गाठ पडते ती बहुधा इस्पितळाच्या खिडकीपाशी. हप्ता भरलेला आहे, विमापत्र हाती आहे, रुग्ण दाखल झाला आहे. आणि तरीही दावा नाकारला जातो, कारण ठरलेली मुदत अद्याप पुरी झालेली नाही. फसवणूक झाल्याची भावना अशा वेळी स्वाभाविक असते. मात्र भावनेच्या भरात या तरतुदीकडे पाहिल्यास तिच्यातील न्याय्य भाग कोणता आणि अन्याय्य कोणता, हे उमगत नाही.

तहान आणि विहीर

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे शहाणपण मराठी घराघरांत सांगितले जाते. प्रतीक्षा कालावधी म्हणजे याच शहाणपणाला दिलेले कराराचे रूप होय. विमा ही वस्तुतः अनेकांनी मिळून खणलेली विहीर आहे. समजा, शंभर कुटुंबांपैकी वर्षाला चार कुटुंबांवर प्रत्येकी १ लाख रुपयांचा इस्पितळाचा खर्च कोसळतो. शंभरही कुटुंबे सामील असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला ४,००० रुपये येतात. आता आजार उद्भवल्यावर विमा काढला तरी चालतो, असा नियम झाला तर काय घडेल? धडधाकट साठ कुटुंबे म्हणतील, घाई कशाला? ती बाहेर राहतील. उरलेल्या चाळीस कुटुंबांत ते चार रुग्ण मात्र असतीलच. हप्ता ४,००० वरून १०,००० रुपयांवर जाईल. तो न परवडल्याने आणखी काही निरोगी कुटुंबे बाहेर पडतील, हप्ता पुन्हा वाढेल आणि अखेरीस विहीर कोरडी पडेल.

अर्थशास्त्रात या प्रकाराला प्रतिकूल निवड म्हणतात. केनेथ अॅरो यांनी १९६३ मध्ये वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांहून का वेगळा असतो याचे विवेचन केले. जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात, पासष्टीपुढच्या माणसांना आरोग्यविमा मिळणे इतके कठीण का होते, याचे कारण हेच सांगितले. ग्राहकाला स्वतःच्या प्रकृतीविषयी जे ठाऊक असते ते विक्रेत्याला नसते, आणि या अज्ञानाची किंमत अखेर सर्वांनाच मोजावी लागते. अमेरिकेने २०१४ पासून आधीच्या आजारामुळे विमा नाकारण्यास बंदी केली. पण त्याच कायद्याने प्रत्येकाने विमा घेतलाच पाहिजे असे बंधनही घातले होते. ते न पाळणाऱ्यावरील दंड २०१९ पासून शून्यावर आला. प्रतीक्षा नको असेल तर सक्ती हवी, आणि सक्ती नको असेल तर प्रतीक्षा हवी, असा हा पेच आहे. तेव्हा प्रतीक्षा कालावधी ही केवळ कंपन्यांची लबाडी आहे, हा समज टिकणारा नाही.

तीन घड्याळे

आपल्याकडे १९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ विमापत्र आणले, तेव्हा आधीपासून असलेले आजार त्यातून सरळ वगळलेले होते. पुढे ही बंदी ४८ महिन्यांच्या प्रतीक्षेपर्यंत सैल झाली आणि विमा नियामक व विकास प्राधिकरणाच्या नव्या विनियमांनी १ एप्रिल २०२४ पासून ही कमाल मर्यादा ३६ महिन्यांवर आणली. कंपनीला याहून कमी मुदत ठेवता येते, अधिक ठेवता येत नाही.

विमापत्र हाती पडताच त्यात एक नव्हे, तर तीन घड्याळे चालू होतात. पहिले तीस दिवसांचे. या काळात अपघात वगळता कोणत्याही आजाराचा खर्च मिळत नाही. दुसरे ठरावीक आजारांचे. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, पित्ताशयातील खडे, मुतखडा, सांध्यांचे रोपण अशा, शस्त्रक्रिया काही काळ पुढे ढकलता येण्याजोग्या विकारांसाठी बहुधा दोन वर्षांची मुदत असते. तिचीही कमाल मर्यादा आता ३६ महिने आहे. विमा घेताना हा आजार नव्हता, असे सांगून हे घड्याळ थांबत नाही. तिसरे घड्याळ आधीपासून असलेल्या आजारांचे. विमापत्र सुरू होण्यापूर्वीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी ज्याचे निदान केले, अथवा ज्यासाठी सल्ला किंवा उपचार घेतला, तो आजार या सदरात पडतो. मधुमेह, रक्तदाब, दमा ही त्याची नेहमीची उदाहरणे. एकच आजार दोन्ही याद्यांत बसत असेल, तर दोहोंपैकी लांबची मुदत लागू होते.

याखेरीज दोन गोष्टी ध्यानी ठेवण्याजोग्या आहेत. विमा रक्कम मध्येच वाढवली, तर वाढीव रकमेपुरती घड्याळे पुन्हा शून्यापासून सुरू होतात. आणि हप्ता चुकून सवलतीचे दिवस, म्हणजे मासिक हप्त्यासाठी १५ व अन्यथा ३० दिवस, उलटून गेले, तर आजवर काढलेली सारी प्रतीक्षा वाया जाऊ शकते. उलट, विमा सलग ६० महिने चालू राहिला, की अर्जात अमुक माहिती दिली नव्हती या सबबीवर कंपनीला दावा नाकारता येत नाही; सिद्ध झालेली लबाडी तेवढी याला अपवाद. ही मुदत पूर्वी आठ वर्षांची होती.

मात्र या साठ महिन्यांच्या भरवशावर अर्जात आजार लपवणे हा आत्मघात ठरतो. विक्री प्रतिनिधी घाईघाईने अर्ज भरतो, प्रत्येक रकान्यात ‘नाही’ लिहितो आणि सही घेतो. अर्ज इंग्रजीत, सही करणारा मराठी, हिंदी किंवा उडिया वाचणारा. महत्त्वाची माहिती दडवल्यास दावा फेटाळता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केले आहे. त्याच न्यायालयाने २०२१ मध्ये असेही सांगितले, की अर्जदाराने कळवलेला आजार ठाऊक असताना विमापत्र दिल्यानंतर कंपनीने त्याच आजाराकडे बोट दाखवून हात झटकणे योग्य नव्हे. सांगितलेला मधुमेह तीन वर्षे वाट पाहायला लावतो. दडवलेला मधुमेह पाच वर्षे जिवाला घोर लावतो.

अपघात कोणता, आजार कोणता?

ही रचना कागदावर सुबक दिसते. तारापूरच्या मातीत उतरल्यावर तिच्यातील भेगा दिसू लागतात. पहिली भेग अपघात आणि आजार यांच्या सीमेवर आहे. ११ जानेवारी २०२० रोजी बोईसरजवळच्या कोलवडे येथील रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन कामगारांचे बळी गेले. अशा दुर्घटनेतील जखमीला विम्यात कोणतीही प्रतीक्षा नसते आणि ते योग्यच आहे. पण स्फोट एका क्षणाचा असतो. वाफ, धूळ आणि द्रावके मात्र वर्षानुवर्षे फुप्फुसांत आणि कातडीत साचत असतात. ज्या कामगाराचा दमा याच हवेत वाढला, त्याने पुढे स्वतःचे विमापत्र घेतले, तर तो दमा ‘आधीपासून असलेला’ ठरतो. एकाच कारखान्याने दिलेली दोन दुखणी. एकाला त्वरित भरपाई, दुसऱ्याला तीन वर्षांची वाट.

कर्मचारी राज्य विमा योजनेत या बाबतीत अधिक दूरदृष्टी आहे. १९४८ च्या कायद्याने जन्मलेल्या या योजनेने व्यवसायजन्य रोगांची यादीच केली आणि असा रोग म्हणजे कामावर झालेली इजाच होय, असे मानले. शिवाय विमाधारक नोकरीच्या पहिल्या दिवसापासून कामगाराला व त्याच्या कुटुंबाला वैद्यकीय उपचाराचा हक्क मिळतो. जुना आजार कोणता, हे विचारले जात नाही. प्रवेश ऐच्छिक नसल्याने प्रतिकूल निवडीचा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. प्रतीक्षा आहे ती रोख लाभांसाठी: सहा महिन्यांच्या अंशदान काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी जमा असेल, तरच पुढच्या लाभकाळात वेतनाच्या ७० टक्के आजारपण-भत्ता, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतो. कंत्राटदाराने हजेरीपटावर नावच उशिरा चढवले, की हे ७८ दिवस भरत नाहीत.

त्यातही एक विचित्र वळण आहे. जानेवारी २०१७ मध्ये या योजनेची वेतनमर्यादा मासिक २१,००० रुपये ठरवण्यात आली. एखाद्या यंत्रचालकाला बढती मिळून त्याचे वेतन या रेषेपलीकडे गेले, की चालू अंशदान काळ संपताच तो योजनेतून बाहेर पडण्याच्या मार्गाला लागतो. पगारवाढीचे पेढे वाटणाऱ्या या माणसाला आता बाजारातील विमापत्राच्या दाराशी उभे राहावे लागते. आणि तेथे त्याची तिन्ही घड्याळे शून्यावर असतात.

तुटक नोकरी, तुटक विमा

दुसरी भेग याहून खोल आहे. प्रतीक्षा कालावधीची सारी कल्पना अखंडतेवर आधारलेली आहे. सलग तीन वर्षे हप्ता भरा, मग संरक्षण मिळेल, असे विमापत्र म्हणते. ही अट निश्चित पगाराच्या, कायम पत्त्याच्या माणसाला सोपी आहे. ज्याची नोकरीच सलग तीन वर्षे टिकत नाही, त्याने ती कशी पाळावी?

समजा, चौतिसाव्या वर्षी एक कामगार वसाहतीत कंत्राटी कामाला लागला. बारा वर्षांत त्याने चार कंत्राटदार पाहिले. प्रत्येकाने सामूहिक विमा काढला होता आणि सामूहिक विम्यात आधीच्या आजारांची प्रतीक्षा बहुधा माफ असते. म्हणून त्याला कधी चिंता वाटली नाही. त्रेचाळिसाव्या वर्षी मधुमेहाचे निदान झाले. शेहेचाळिसाव्या वर्षी काम सुटले आणि कामाबरोबर विमाही सुटला. त्याने स्वतःचे विमापत्र घेतले, अर्जात मधुमेह प्रामाणिकपणे लिहिला. दोन वर्षांनी मधुमेहातून उद्भवलेल्या मूत्रपिंडाच्या विकाराने त्याला इस्पितळात जावे लागले. दावा नाकारला गेला. करारानुसार नकार बिनचूक आहे. परंतु हा माणूस तहान लागल्यावर विहीर खणायला आलेला नव्हता. तो बारा वर्षे इतरांबरोबर विहीर खणत होता. फक्त दरवेळी त्याला दुसऱ्या विहिरीवर पाठवण्यात आले आणि मागचे खोदकाम त्याच्या नावावर लिहिण्याची तसदी कोणी घेतली नाही.

सामूहिक विम्याचा हप्ता मालक किंवा कंत्राटदार भरतो, म्हणून कामगाराचा त्यावर हक्क काय, असा आक्षेप येऊ शकतो. तो अर्थशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. कामगारावर होणाऱ्या एकूण खर्चाचाच तो एक भाग असतो. म्हणजे तो हप्ता कामगाराच्या श्रमातूनच आलेला असतो. निरोगी असताना त्याने जोखमीच्या समूहाला आधार दिला. आता तो आजारी असताना त्या समूहाने त्याला ओळख दाखवू नये, हे विम्याच्या मूळ तत्त्वालाच सोडून आहे.

नियम आहे, पण...

या अन्यायावर उपाय अगदीच नाही असे नव्हे. ऑक्टोबर २०११ पासून विमापत्र एका कंपनीकडून दुसरीकडे नेता येते आणि तोवर काढलेल्या प्रतीक्षेचे श्रेय नव्या विमापत्रात मिळते. सामूहिक विम्यातील सदस्यालाही त्याच कंपनीच्या वैयक्तिक विमापत्रात स्थलांतर करण्याची सोय नियमांत आहे. पण ती वापरण्यासाठी सामूहिक विमा संपण्यापूर्वी हालचाल करावी लागते. ज्याला शनिवारी सांगितले जाते की सोमवारपासून येऊ नको, त्याने ती केव्हा करावी? ज्याला आपला विमा कोणत्या कंपनीचा होता हेच ठाऊक नाही, त्याने अर्ज कोणाकडे करावा? शिवाय नवे विमापत्र द्यायचे की नाही, किती हप्त्याने द्यायचे, हे प्रकृती तपासून ठरवण्याचा अधिकार कंपनीकडेच राहतो. दार नियमाने उघडले आहे. किल्ली मात्र विक्रेत्याच्या कमरेला आहे.

शासकीय योजनांकडे बोट दाखवून या प्रश्नातून सुटका करून घेता येईल, असेही नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत आधीच्या आजारांना पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची व्याप्ती १ जुलै २०२४ पासून वाढून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची हमी मिळाली. ही मोठी गोष्ट आहे आणि तिचे मोल कमी लेखू नये. पण या योजना ठरावीक उपचारांना आणि ठरावीक इस्पितळांना बांधलेल्या आहेत. जव्हार-मोखाड्याचा रुग्ण नाशिकला, तलासरी-डहाणूचा सिल्वासा किंवा वलसाडला, पालघर-बोईसरचा मुंबईला, ही वहिवाट अजून मोडलेली नाही. विमापत्रातली प्रतीक्षा टळली, तरी रस्त्यावरची प्रतीक्षा टळत नाही. म्हणूनच ज्या कुटुंबाला कसेबसे जमते, ते पदरचे पैसे मोडून खासगी विमा घेते.

श्रेय कामगाराच्या नावावर

तेव्हा मागणी प्रतीक्षा रद्द करण्याची नसावी. काढलेली प्रतीक्षा मोजण्याची असावी. भविष्य निर्वाह निधीच्या बाबतीत हे तत्त्व देशाने मान्य केले आहे. कामगार मालक बदलतो, पण त्याचा खाते क्रमांक आणि शिल्लक त्याच्याबरोबर जाते. कर्मचारी राज्य विमा योजनेतही एकदा मिळालेला विमा क्रमांक आयुष्यभरासाठी असतो. मग आरोग्यविम्यात घालवलेला काळ तेवढा मालकाच्या कपाटात का राहावा? सामूहिक विम्याखालील प्रत्येक महिना कामगाराच्या नावे नोंदला जावा. काम सुटताना त्याचा दाखला त्याला मिळावा. आणि काम सुटल्यापासून दोन-तीन महिन्यांच्या आत त्याने कोणत्याही कंपनीचे वैयक्तिक विमापत्र घेतल्यास तेवढी प्रतीक्षा आपोआप वजा व्हावी. सर्व कंपन्यांना हा नियम सारखाच लागू असेल, तर प्रतिकूल निवडीचे भय फारसे उरत नाही. कारण हा माणूस आजारी पडून आलेला नसतो, काम सुटून आलेला असतो.

हा बदल नियामकाच्या हाती आहे. पण काही गोष्टी बोईसरमध्येच करता येण्याजोग्या आहेत. सामूहिक विम्याचा तपशील प्रत्येक कामगाराला लेखी देण्याची शिस्त उद्योजकांच्या संघटना आपल्या सभासदांना लावू शकतात. काम सुटणाऱ्या माणसाच्या हिशेबात विम्याचा दाखला मागण्याची सवय कामगार संघटनांना लावून घेता येईल. जानेवारी २०२४ पासून प्रत्येक विमापत्राबरोबर सोप्या भाषेतील माहितीपत्रक देणे बंधनकारक आहे आणि ग्राहकाने मागितल्यास ते त्याच्या भाषेत मिळू शकते. ते मराठीत मागणारे किती निघतात, हा प्रश्न आहे. विमापत्र पटले नाही तर ते ३० दिवसांत परत करता येते. दावा अन्यायाने नाकारला गेल्यास प्रथम कंपनीकडे आणि तेथे दाद न लागल्यास विमा लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते.

ज्याच्या डोक्यावर आज मालकाच्या विम्याचे छत्र आहे, त्यानेही एक गोष्ट करावी. अंगात बळ आहे तोवर लहानसे का होईना, स्वतःचे विमापत्र सुरू करावे आणि ते खंडित होऊ देऊ नये. वैयक्तिक आरोग्यविम्यावरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाल्याने तो भार काहीसा हलका झाला आहे. आज चालू झालेले घड्याळ तीन वर्षांनी कामाला येईल. नोकरी तोवर असो वा नसो.

तहानेच्या वेळी विहीर खणू नये, हा उपदेश कामगाराला खुशाल करावा. मात्र ज्याने ती आधीच खणलेली आहे, त्याला तिच्या काठावरून परत पाठवण्याचा अधिकार त्या उपदेशातून कोणालाही मिळत नाही.